दौलतरावांची कमजोरी

गिरणीचा संप झाला तेव्हा दौलत परब कापड विणायच्या साचेखात्यात जॉबर होते. कोणाला कामावर घ्यायचं आणि कोणाला बदलीवर ताटकळत ठेवायचं, हे जॉबर ठरवायचा. त्यामुळे लालबागच्या कृष्णाबाई चाळीतल्या त्यांच्या दारात पहाटेपासून माणसं उभी असत. कोणी गावाहून फणस आणायचा, कोणी काजू आणायचा, आणि ज्याच्याकडे काहीच नसे तो नुसता चेहरा पाडून उभा राहायचा. दौलतराव दात घासता घासता एकेकाला न्याहाळायचे आणि चूळ भरून झाली की निर्णय द्यायचे.

संपानंतर गिरणी उघडलीच नाही. दारातली माणसं पांगली. कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कोणी बायकापोरांसकट गावाला गेला. दौलतराव गॅलरीतल्या बाकड्यापर्यंत गेले आणि तिथेच बसले.

"जॉबर माणूस कुठल्या तरी बिल्डिंगच्या दारात सलाम मारत उभा राहणार?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. तसं उभं राहा असं त्यांना कोणीही सुचवलेलं नव्हतं.

घर चालवायचं काम त्यांच्या बायकोने, रखमाबाईंनी घेतलं, म्हणजे दुसरं कोणी घेईना म्हणून त्यांच्याकडे आलं. त्यांच्या हातचा मालवणी मसाला चाळीत आधीपासून नावाजलेला होता. तो त्या विकू लागल्या. मिरच्यांची देठं काढायची, गच्चीवर वाळवायच्या, धणे-खोबरं भाजायचं, सगळं उचलून गल्लीतल्या मसाल्याच्या गिरणीवर न्यायचं, रांग लावायची आणि तयार मसाल्याच्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन हिंदमातापर्यंत चालत जायचं. तिथल्या साड्यांच्या दुकानांतले शेठ आणि त्यांच्या बायका हे गिऱ्हाईक. घरातली एक गिरणी बंद पडली आणि दुसरी सुरू झाली. या दुसरीला जॉबर लागत नव्हता, एवढाच फरक.

अशी वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन कणकवलीला गेली. दौलतरावांनी साठी ओलांडली आणि त्यांचं एकेक काम सुटत गेलं. पण प्रत्येक काम त्यांनी मानाने सोडलं. मासळी बाजार सोडला, कारण हल्लीच्या कोळणी उद्धट झाल्या होत्या. भजन सोडलं, कारण पखवाजवाला ठेका चुकवत होता. गावकरी मंडळाच्या सभा सोडल्या, कारण खजिनदार म्हणून भलत्यालाच निवडलं होतं. शेवटी मयताला जाणंही बंद झालं. "जाऊन काय? मेलेला काय उठून बसतो आपल्याला बघून?" असं ते विचारत. दोन जिने उतरून पुन्हा चढायचे म्हटले की गुडघ्यांत कापरं भरतं, ही गोष्ट मात्र त्यांनी स्वतःलाही सांगितली नाही. खाटेवरून बाकड्यावर आणि बाकड्यावरून खाटेवर एवढाच त्यांचा प्रवास उरला.

एका सकाळी परळच्या एका इस्पितळातून सुनेत्रा नावाची तरुण डॉक्टर चाळीत आली. म्हातारी माणसं अंथरुणाला खिळायच्या आधीच त्यांची तपासणी करायची, असा काहीतरी उपक्रम होता. तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत एकेकाला आत बोलावत होते. रखमाबाई हिंदमाताला गेल्या होत्या. दौलतराव शेजारच्या गंगाधर तावड्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. तावडे बस डेपोतून निवृत्त झालेले. त्यांची तपासणी आधी झाली आणि ते हिरमुसलेल्या तोंडाने बाहेर आले. ते ठणठणीत निघाले होते.

आत डॉक्टरीणबाईंनी दौलतरावांना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि मुठीत धरून दाबायचं एक यंत्र दिलं. त्यावर काटा होता. मग विचारलं, "काका, बाजारहाट कोण करतं?"

"होतो तो."

"पाणी कोण भरतं?"

"भरलेलं असतं."

"तुम्ही कोणाकडे जाता-येता?"

"आमच्याकडे लोक यायचे," दौलतराव ताठ होऊन म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घाबरण्यासारखं काही नाही. पण ही कमजोरीची सुरुवात आहे. आत्ता लक्ष दिलंत तर ती मागे फिरवता येईल."

"म्हणजे आहे ना?"

"सुरुवात आहे, काका."

"पण आहे."

"हो. म्हणून आता बसून राहू नका. रोज चाला. बाजार तुम्ही करा. घरातली दोन कामं अंगावर घ्या. भजनाला जा, चार माणसांत बसा. हेच औषध आहे."

दौलतरावांनी मान डोलावली. यातला 'कमजोरी' हा एवढा एक शब्द त्यांनी उचलला, बाकीचं मंडळाच्या खोलीतच ठेवलं आणि सावकाश जिना चढून वर आले. आल्यापेक्षा जास्त सावकाश.

दुपारी रखमाबाई परतल्या. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच खाटेवरून आवाज आला.

"रखमे, डॉक्टरीणबाईनी सांगितल्यान. माका कमजोरी सुरू झाली हा. आता पूर्ण विश्रांती."

"मगे इतकी वर्सा काय चलला होता?"

"तो साधो आराम होतो गो. ह्यो डॉक्टरी."

रखमाबाईंनी पिशवी उतरवली, तोंडावर पाणी मारलं आणि चहाचं आधण ठेवलं. डॉक्टरने सांगितलं म्हणजे सांगितलं असणार. त्यांनी आयुष्यात डॉक्टरकडे जायला वेळ काढला नव्हता, त्यामुळे डॉक्टर काय सांगतात याचा त्यांना अनुभव नव्हता.

दोन दिवसांत ही बातमी करी रोडपर्यंत गेली. परब जॉबरला कमजोरी धरली. आणि माणसं येऊ लागली. दौलतरावांनी कधीकाळी कामाला लावलेला धोंडू आता प्रभादेवीला वॉचमन होता, तो डझनभर केळी घेऊन आला. साचेखात्यातले जुने चार जण आले. गावकरी मंडळाचा तो भलताच खजिनदारसुद्धा आला आणि पायाशी बसला. दौलतराव इस्त्रीचा सदरा घालून, पाठीशी दोन उशा लावून, बारीक आवाजात बोलत. संध्याकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला बघून त्यांचे डोळे भरून आले. ते कमजोरीमुळे आले, असं पाहुण्यांना वाटलं. खरं तर इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांच्या दारात आलं होतं, आणि त्यासाठी माणूस कमजोर झालेला परवडला, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पाहुण्यांना चहा लागायचा. तो रखमाबाई करत. साखर जास्त झाली की पाहुणे सांगत, कमी झाली की दौलतराव सांगत. गंगाधर तावडे रोज येत, कारण ठणठणीत माणसाला चाळीत कोणी चहा विचारत नव्हतं.

हळूहळू दौलतरावांचं आजारपण डॉक्टरीणबाईंच्या फार पुढे गेलं. अंघोळीचं पाणी खाटेजवळ आलं. गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जाताना रखमाबाईंनी दंड धरायचा, असं ठरलं. पापलेटाच्या तुकड्या त्यांच्या ताटात जात, अंगात ताकद यावी म्हणून. रखमाबाई डोकं आणि कालवण घेत. त्या पहिल्यापासून तेच घेत होत्या, फक्त आता त्याला वैद्यकीय कारण मिळालं.

गणपतीत मंडळाने ज्येष्ठ कामगारांचा सत्कार ठेवला. दौलतरावांना दोन जिने झेपणार नाहीत म्हणून चार तगड्या कार्यकर्त्यांनी त्यांना लाकडी खुर्चीसकट खाली आणलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, "गिरणगावाचा बुरुज" असं कोणीतरी माइकवर म्हणालं. परत जायच्या वेळी चारही कार्यकर्ते आरतीला पळाले होते. शेवटी रखमाबाईंनी खुर्ची उचलली आणि त्या पुढे निघाल्या. मागून कठड्याला धरत, शाल सावरत दौलतराव आले. पहिल्या मजल्यावर रखमाबाई थांबल्या, खुर्ची टेकवली आणि भिंतीला डोकं लावून डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"काय झाला?" दौलतरावांनी विचारलं.

"काय नाय."

"मगे चल ना. माका उभ्यान रवाक होना नाय."

दिवाळी झाल्यावर सुनेत्रा डॉक्टर पुन्हा आल्या. परबांना खाली उतरवत नाही असं कळल्यावर त्या स्वतः वर चढल्या. दौलतराव त्या वेळी टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाला गेले होते. गॅलरीत गर्दी नव्हती, म्हणून दंड धरायला कोणी लागलं नव्हतं. घरात रखमाबाई एकट्याच मिरच्यांच्या ढिगापुढे पाटावर बसल्या होत्या.

"काका कुठायत? काय काय कामं करतात हल्ली?" डॉक्टरांनी हसत विचारलं.

"कामा? तुमीच ना पूर्ण विश्रांती सांगितल्यात?"

"मी?" डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. "मावशी, मी अगदी उलट सांगितलं होतं. बाजार करा, चाला, माणसांत जा. विश्रांतीचं तर नावही घेतलं नव्हतं."

रखमाबाईंनी हातातल्या मिरचीचं देठ तोडलं, मग दुसरीचं तोडलं. तिसरी मिरची मात्र देठासकट तशीच बोटांत राहिली.

डॉक्टरीणबाईंना अवघडल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी पिशवीतून ते मुठीचं यंत्र काढलं. "काका येईपर्यंत तुमचं बघू या का?"

"माका कित्याक? माका काय धाड भरली हा?"

"असंच. दाबा बघू."

रखमाबाईंनी हात पुसून ते यंत्र घेतलं. काटा जेमतेम हलला.

"जोरात दाबा, मावशी."

"दाबतंयच की."

डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. "हात न टेकता उठता का जरा?"

रखमाबाईंना उठता आलं नाही. एक हात जमिनीला लागला, दुसरा भिंतीला, आणि मधे जरा वेळ त्या अर्ध्याच उभ्या राहिल्या. वजन कमी झालंय का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, हल्ली शिंपी ब्लाउज सैल शिवतो. थकवा येतो का, तर म्हणाल्या, तो सगळ्यांनाच येतो. कामाशिवाय, नुसत्या चार बायकांत जाऊन शेवटच्या कधी बसला होता, असं विचारल्यावर मात्र त्यांनी बराच विचार केला.

"शेजारच्या शेवंतीच्या चेडवाच्या हळदीक," त्या म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "नाय, तेव्हा मसालो पोचवूचो होतो."

इतक्यात दौलतराव दारात आले. डॉक्टरांना बघताच त्यांचा एक खांदा खाली गेला आणि पाय घसटत ते आत शिरले.

"काका, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशींची तब्येत तुमच्यापेक्षा जास्त खालावलीय. तुमची सुरुवात होती. यांची बरीच पुढे गेलीय."

"शक्यच नाय! अहो, ती सगळां करता!"

"म्हणूनच कोणी बघितलं नाही."

दौलतराव गोरेमोरे झाले. बायकोची काळजी त्यांना वाटली असेल, पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं आणि ते तोंडातून निघूनही गेलं. "तुमचा मशीन बिघडला असतला. माका द्या, मी दाबून दाखवतंय."

त्यांनी यंत्र हातात घेतलं. चेहरा वाकडा केला, दात आवळले, मानेच्या शिरा फुगवल्या. काटा रखमाबाईंच्याही खाली थांबला.

"बघा," ते विजयी आवाजात पुटपुटले.

डॉक्टरीणबाई काट्याकडे बघत होत्या. रखमाबाई नवऱ्याच्या बोटांकडे बघत होत्या. अख्ख्या तोंडावर जोर होता आणि बोटं लुळी होती. लाडू धरावा तसं त्यांनी यंत्र धरलं होतं.

"अहो," रखमाबाई हळूच म्हणाल्या, "दाबा. एकदा तरी जोर लावा."

त्या रागावल्या असत्या तर दौलतराव उलटून बोलले असते. पण त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. तो टेकू काढला तर ही बाई पडेल, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मनगटं काटकीसारखी झाली होती. कधी झाली होती कोण जाणे. त्यांनी दाबलं. काटा सरसर वर गेला आणि पुष्कळ वर जाऊन थांबला.

दौलतरावांनी यंत्र हळूच खाली ठेवलं.

जाताना डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं, आणि या वेळी दोघांच्या समोर सांगितलं. मावशींच्या ताटात तुकडी पाहिजे, अंडं पाहिजे, डाळ पाहिजे. ओझी बंद. खुर्चीला धरून पायांचे व्यायाम. आणि दुपारी माणसांत जाऊन बसायचं. काकांनी बाकी सगळं करायचं.

"बाकी सगळं म्हणजे?" दौलतरावांनी विचारलं.

"म्हणजे सगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्या संध्याकाळी रखमाबाई खाटेवर आडव्या झाल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. दौलतरावांनी चहाची वाट बघितली. थोड्या वेळाने खाकरले. आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "चाय?"

"होय. माका पण दे."

लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. दौलतराव उठले. साखरेचा डबा शोधताना त्यांना हळदीचा सापडला, मग मिठाचा. चहाच्या वेळेवर गंगाधर तावडे आले. त्यांनी स्टोव्हपुढे बसलेले दौलतराव बघितले, खाटेवरच्या रखमाबाई बघितल्या. "वहिनींना बरं नाही वाटतं? मग नंतर येतो," असं म्हणून ते जे गेले ते महिनाभर फिरकले नाहीत.

रखमाबाई कमजोर झाल्याची बातमी करी रोडपर्यंत गेली नाही. ती जिन्यावरसुद्धा फारशी गेली नाही. केळी आली नाहीत, शाल आली नाही. घर बाईनं चालवलं तर तिला कोणी बुरुज म्हणत नाही. शेजारची शेवंती तेवढी आली. कोळीवाड्यातलं माहेर असलेली, मासळी विकणारी, मोठ्या आवाजाची बाई. तिने सुरमईच्या दोन तुकड्या तळून आणल्या आणि रखमाबाई खाईपर्यंत समोर बसून राहिली. दौलतरावांनी ताटाकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नका बघू हो. तुम्ही लय खाल्ल्यात."

मसाल्याच्या ऑर्डरी होत्या. त्या सोडल्या तर चूल बंद. दौलतराव मिरच्यांची पिशवी घेऊन पहिल्यांदा गिरणीवर निघाले, तेव्हा जिन्यात दोनदा बसले. रांगेतल्या बायकांना ओलांडून ते थेट पुढे गेले आणि म्हणाले, "मी परब. साचेखात्याचा जॉबर."

"असाल," पुढची बाई वळूनही न बघता म्हणाली. "रांग मागनं सुरू होते."

ते मागे गेले. मिरचीच्या धुरळ्याने शिंकून शिंकून त्यांचं डोकं बधिर झालं. घरी आल्यावर त्यांनी हे सगळं रखमाबाईंना सविस्तर ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "धणे करपले नाय ना?"

करपले होते. पहिला मसाला हिंदमाताच्या शेठाणीने परत पाठवला. दुसरा तिने ठेवून घेतला, पण बोलणी खायला लावली. मग रखमाबाई खाटेवरून सांगत आणि दौलतराव भाजत. "हलव, हलव, थांबू नको," त्या म्हणत. साचेखात्यात याच सुरात दौलतराव लोकांना बोलत असत. आता ते ऐकताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. पण एक गोष्ट त्यांच्याकडून झाली, आणि ती घरात कोणी आठवण न करता झाली. डॉक्टरीणबाई गेल्यापासून त्यांनी तुकडी रखमाबाईंच्या ताटात वाढायला सुरुवात केली. वाढताना हात अडखळायचा. पण वाढायचे.

पावसाळा येईपर्यंत दौलतराव जिना न थांबता चढू लागले. गुडघ्यांतलं कापरं गेलं. याचा त्यांना आनंद झाला नाही, उलट फसवल्यासारखं वाटलं. रांगेतल्या बायकांची नावं त्यांना पाठ झाली आणि कोणाची पिशवी आधी, कोणाची मागून, हे तेच ठरवू लागले. बायकांनी आधी हाकलून दिलं, मग कंटाळून चालू दिलं. मयताला पुन्हा जाऊ लागले, आणि तिथे तिरडी बांधणाऱ्यांना सूचना करू लागले.

रखमाबाईंचं वजन थोडं भरलं. हात न टेकता उठणं जमायला लागलं, पण रोज नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की काही परत येईल आणि काही येणार नाही. हिंदमाता त्यांना आता लांब पडायचं. पण दुपारी शेवंतीचा हात धरून त्या गल्लीच्या टोकाच्या देवळात भजनाला जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी एकाही अभंगाचे शब्द आठवेनात. त्या नुसत्या टाळ्या वाजवत बसल्या, आणि परत आल्यावर शेवंतीला म्हणाल्या, उद्या लवकर हाक मार.

एकदा श्रावणात भजनाहून आलेल्या चारपाच बायका गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. दौलतराव मसाल्याचा डबा खांद्यावर घेऊन आले, घामाघूम होऊन आत गेले आणि स्टोव्हचा आवाज सुरू झाला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"काय बाई माणूस," एक म्हणाली. "या वयात बायकोसाठी किती करतात."

"अख्ख्या चाळीत असा नवरा नाही," दुसरी म्हणाली. "नशीब लागतं, रखमाबाई."

रखमाबाईंच्या हातातली पाकळी हातातच राहिली. इतकी वर्षं हेच सगळं याच घरात त्यांनी केलं होतं, तेव्हा याच बायका याच गॅलरीतून गेल्या होत्या. त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करणारी एकही नव्हती.

"व्हयो तर घेऊन जावा," त्या म्हणाल्या. "पण चायत साखर किती घालूची ता तेंका रोज सांगूक लागता."

शेवंती एवढ्या मोठ्याने हसली की आत स्टोव्ह बंद झाला. "काय झाला गो?" दौलतरावांनी विचारलं.

"काय नाय," रखमाबाई म्हणाल्या. "पाच कप ठेव."